चर्चची घंटा आणि कारखान्याचा भोंगा

आज छत्रपती संभाजीनगर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या औरंगाबादेत कॅथलिक धर्मप्रांताची स्थापना १९७७ साली झाली, आणि लगतच्या वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना १९८५ साली सुरू झाला. कालदृष्ट्या दोन्ही घटना जवळच्या. तथापि ज्या समाजरचनांतून त्या उद्भवल्या त्यांत निदान एका शतकाचे अंतर आहे. या भागातील कॅथलिक समाजाचा पाया खेड्यात घातला गेला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घोगरगाव परिसरात मिशनरी आले, तेव्हा त्यांच्यासमोर होती ती शेतीवर व मजुरीवर जगणारी, एका जागी राहणारी कुटुंबे. तेथील धर्मगुरू प्रत्येक घर ओळखी. रविवारच्या मिस्सेला कोण आले नाही हे त्याला विचारावे लागत नसे.

वाळूजच्या, चिकलठाण्याच्या किंवा शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत कामाला येणारा पंचविशीतला तरुण या चौकटीत बसत नाही. तो रांजणगाव शेणपुंजीत चौघांबरोबर एका खोलीत राहतो, कंत्राटदार बदलला की खोली बदलतो, आणि त्याचा आठवडा पाळीच्या तक्त्यावर चालतो. १९४८ च्या कारखाने कायद्याने रविवार हा सुटीचा दिवस मानला खरा; पण आधीच्या वा नंतरच्या तीन दिवसांत बदली सुटी देण्याची मुभाही त्याच कायद्याने ठेवली होती, आणि कारखानदारीला ती सोयीची ठरली. रात्रपाळी करून सकाळी सात वाजता खोलीवर परतलेला माणूस आठच्या मिस्सेला आला नाही, तर त्याची श्रद्धा उणावली असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. त्याला बहुधा झोप आलेली असते.

येथे चर्चचा कायदा चर्चच्या व्यवहारापेक्षा पुष्कळ उदार आहे, हे नमूद केले पाहिजे. १९८३ च्या धर्मसंहितेनुसार एखाद्या धर्मग्रामात तीन महिने राहण्याच्या इराद्याने आलेला, अथवा प्रत्यक्षात तितके राहिलेला माणूस तेथील अर्धवास्तव्याचा हक्कदार होतो, आणि तेथील प्रमुख धर्मगुरू हा त्याचा धर्मगुरू ठरतो. शनिवारी संध्याकाळच्या मिस्सेने रविवारचे कर्तव्य पुरे होते, हेही त्याच संहितेत आहे. म्हणजे कायदा ज्याला तीन महिन्यांत आपला म्हणतो, त्याला व्यवहार तीन वर्षांनीही ‘बाहेरगावचा पोरगा’ म्हणतो. नोंदवहीत कुटुंबांची नावे असतात. एकट्याचे पान नसते. त्याची आठवण होते ती लग्नाच्या वेळी, जेव्हा गावच्या धर्मगुरूकडून दाखला आणावयाचा असतो.

असे एकटे कामगार सामावून घेण्याची कला कोकणी-मराठी कॅथलिक समाजाला अपरिचित नव्हती. मुंबईत धोबीतलाव, डाबूल, माझगाव येथे गोव्यातील गावोगावच्या लोकांनी चालविलेले ‘कूड’ एके काळी शेकड्यांनी होते. बोटीवर जाणारा खलाशी, हॉटेलातला आचारी, नोकरीच्या शोधातला बेकार, सर्वांना अल्प वर्गणीत तेथे पथारी व पेटी ठेवण्याची जागा मिळे. भिंतीशी वेदी असे, संध्याकाळी रोझरी होई, आणि गावाच्या संताचा सण तेथेही साजरा होई. कूड चालविणारे स्वतः रहिवाशांपैकीच असत. कारभारी निवडायचा, हिशेब ठेवायचा, भांडण मिटवायचे ते त्यांनीच. पाहुणा म्हणून मिळणारे स्वागत चार दिवसांचे असते. कुडातला माणूस भागीदार होता. या संस्थेत दोषही होते. ती एका गावापुरती होती, आणि पूर्णतः पुरुषांची होती.

युवकांसाठी सध्या जे योजले जाते त्याचे स्वरूप बहुधा शिबिर, गायन आणि क्रिकेट असे असते. ते महाविद्यालयीन मुलांना ठीक. पण भविष्य निर्वाह निधीची कपात झाली, मात्र ती रक्कम खात्यात पडली की नाही, हे ज्याला समजत नाही, त्याच्या उपयोगाचे नाही. बेल्जियमच्या जोसेफ कार्डाइन या धर्मगुरूने १९२५ च्या सुमारास तरुण ख्रिस्ती कामगारांची चळवळ उभारली. तिची पद्धत साधी होती: स्वतःच्या कामाच्या ठिकाणची परिस्थिती पाहा, पारखा, कृती करा. पोप तेविसावे जॉन यांनी १९६१ च्या परिपत्रात ती अधिकृतपणे उचलून धरली. मराठवाड्यातल्या धर्मग्रामाच्या सभागृहात महिन्यातून एक संध्याकाळ कंत्राटी नेमणूकपत्र कसे वाचावे यासाठी द्यावयास खर्च फारसा नाही. दलित ख्रिस्ती तरुणाला १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे अनुसूचित जातीच्या सवलती मिळत नाहीत. त्याला तर ती संध्याकाळ अधिकच हवी.

रात्रपाळीच्या परिचारिकेचा प्रश्न याहून अवघड आहे. घरमालकाची वेळेची अट, रिक्षाचे भाडे आणि रिकामा रस्ता यांचा हिशेब तिला आधी करावा लागतो. तिच्यासाठी चर्चची दारे कोणत्या वेळी उघडी असावीत, हे तिला विचारल्याशिवाय ठरणार नाही. प्रत्येक धर्मग्रामात अर्थविषयक समिती असलीच पाहिजे असा धर्मसंहितेचा दंडक आहे. त्या समितीत निवृत्त मुख्याध्यापकांच्या शेजारी पाळीत काम करणारी एक तरुण व्यक्ती बसवावयास कोणत्याही नियमाची आडकाठी नाही. बैठक तेवढी तिच्या सुटीच्या दिवशी बोलवावी लागेल.