सोसायटीसमोरच्या रस्त्यावर वेग किती असावा?

मुख्य रस्त्यावर कोंडी झाली, की वाहने आतल्या रस्त्यांकडे वळतात. दोन्ही बाजूंना सोसायट्या, मध्ये एखादी बालवाडी, कोपऱ्यावर वाण्याचे दुकान, असा साधा रस्ता मग 'शॉर्टकट' होतो. तो नुकताच काँक्रीटचा झाला असेल, तर खड्ड्यांमुळे आवरला जाणारा वेगही सुटतो. पुणे असो, नाशिक असो की नागपूर, अशा रस्त्यांवरच्या रहिवाशांचे म्हणणे सारखेच असते. मुलांना खाली खेळायला पाठवायची भीती वाटते. आजी-आजोबांना पलीकडच्या बागेत जायचे, तर कुणाला तरी सोबत घ्यावे लागते. 'गाड्या काय सगळीकडेच असतात' असे म्हणून ही तक्रार झटकली जाते. पण तिच्यामागे साधे भौतिकशास्त्र आहे आणि आरोग्याचा गंभीर प्रश्नही.

वीस किलोमीटरने काय बिघडते?

समोर धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत सावध चालकालाही साधारण एक सेकंद लागतो. ताशी 30 किलोमीटर वेगाने जाणारी मोटार त्या सेकंदात सुमारे 8 मीटर पुढे गेलेली असते, तर ताशी 50 किलोमीटर वेगाची सुमारे 14 मीटर. ब्रेक लागल्यावर कोरड्या, चांगल्या रस्त्यावर पहिली आणखी 5 मीटरमध्ये थांबते, दुसरीला आणखी 14 मीटर लागतात. म्हणजे एकूण 13 आणि 28 मीटर.

याचा अर्थ असा, की चेंडूमागे धावलेले मूल 14 मीटरवर आडवे आले, तर पहिली गाडी त्याच्या अलीकडे थांबते. दुसरीचा ब्रेक तोवर जेमतेम लागायला सुरुवात झालेली असते आणि धडक जवळपास पूर्ण वेगाने बसते. शिवाय गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. 30 ऐवजी 50 चा वेग म्हणजे धडकेची ऊर्जा पावणेतीन पटींहून जास्त. पावसाळ्यातल्या ओल्या रस्त्यावर थांबायचे अंतर आणखी लांबते.

मुलांची नजर, ज्येष्ठांची पावले

'मुलांनी बघून रस्ता ओलांडावा' हे बरोबर असले, तरी पुरेसे नाही. लंडन विद्यापीठाच्या रॉयल हॉलोवे महाविद्यालयातील संशोधकांनी 2010 च्या सुमारास प्राथमिक शाळेतील मुलांची चाचणी घेतली. ताशी सुमारे 32 किलोमीटरपेक्षा जास्त वेगाने अंगावर येणारे वाहन जवळ येत आहे, हे या मुलांच्या नजरेला खात्रीने ओळखता येत नाही, असे त्यात आढळले. हा बेशिस्तीचा भाग नाही. ती क्षमता वयानुसार विकसित होते. ज्येष्ठांची अडचण वेगळी. चाल मंदावलेली, ऐकू कमी येणारे, हाडे ठिसूळ. तरुणाला खरचटण्यावर निभावणारा धक्का त्यांना खुब्याच्या अस्थिभंगापर्यंत नेऊ शकतो.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार 2022 मध्ये देशात रस्ते अपघातांत 1 लाख 68 हजार 491 जणांचा मृत्यू झाला. त्यांतील 70 टक्क्यांहून अधिक मृत्यू अतिवेगाशी जोडलेले होते आणि मृतांत 32 हजारांहून अधिक पादचारी होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते सरासरी वेग 1 टक्क्याने वाढला, तर जीवघेण्या अपघाताचा धोका सुमारे 4 टक्क्यांनी वाढतो.

न दिसणारे नुकसान

अपघात झाला नाही, तरी नुकसान होतच असते. डोनाल्ड ॲपलयार्ड या नगररचनातज्ज्ञाने सॅन फ्रान्सिस्कोतील कमी, मध्यम आणि जास्त वाहतुकीच्या तीन रस्त्यांचा अभ्यास केला. कमी वाहतुकीच्या रस्त्यावरील रहिवाशांना त्याच रस्त्यावर असलेले मित्र, जास्त वाहतुकीच्या रस्त्यावरील रहिवाशांच्या तुलनेत सुमारे तिप्पट होते. आपल्याकडेही रस्ता वेगवान झाला, की फाटकाशी गप्पा मारणारे घरात बसतात आणि संध्याकाळची फेरी बंद होते. मधुमेह, रक्तदाब असलेल्यांना डॉक्टर चालायला सांगतात. पण चालायचे कुठे, हा प्रश्न उरतोच.

उपाय कोणते?

2018 च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार महापालिका हद्दीतील रस्त्यांवर मोटारींसाठी कमाल मर्यादा ताशी 70 किलोमीटर आहे. मात्र मोटार वाहन कायद्याच्या कलम 112 नुसार सार्वजनिक सुरक्षेसाठी राज्य सरकार किंवा त्याने अधिकार दिलेली यंत्रणा ती एखाद्या भागापुरती किंवा रस्त्यापुरती कमी करू शकते. पादचारी आणि वाहने एकत्र येतात तिथे ताशी 30 ची मर्यादा असावी, असे 2020 च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात म्हटले आहे. ऑस्ट्रियातील ग्राझ शहराने तर 1992 मध्येच मुख्य रस्ते वगळता शहरभर ही मर्यादा लागू केली.

नुसती पाटी लावून वेग उतरत नाही. रस्त्याची रचनाही बदलावी लागते. गतिरोधक हवा, पण शास्त्रशुद्ध. इंडियन रोड्स काँग्रेसच्या निकषानुसार तो 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटिमीटर उंच असावा, म्हणजे वाहन ताशी सुमारे 25 किलोमीटरने विनाधक्का जाते. रातोरात टाकलेला अरुंद, उंच उंचवटा दुचाकीस्वाराला पाडतो आणि रुग्णवाहिकेतल्या रुग्णाचे हाल करतो. उंचावलेले पादचारी मार्ग, कोपऱ्यांवरची अरुंद वळणे, सलग पदपथ आणि नीट दिवे यांचाही उपयोग होतो.

तक्रारीला आकड्यांची जोड दिली, तर तिचे वजन वाढते. रस्त्याकडेच्या दोन खांबांमधले 50 मीटर अंतर मोजून घ्यावे आणि रस्त्यावर न उतरता, गच्चीतून मोबाइलच्या स्टॉपवॉचवर वेळ मोजावी. हे अंतर 6 सेकंदांत कापणारी गाडी ताशी 30 किलोमीटरने, तर साडेतीन सेकंदांत कापणारी 50 हून जास्त वेगाने जात असते. सकाळी शाळेच्या वेळी आणि संध्याकाळी आठवडाभर अशी नोंद ठेवून सोसायट्यांनी एकत्रित निवेदन वाहतूक पोलिस आणि महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयाला द्यावे. त्याच वेळी सोसायटीच्या वाहनतळातून निघणाऱ्या गाड्यांचाही वेग मोजावा, कारण शॉर्टकट घेणाऱ्यांत शेजारीही असतात.