एफ, आय, ए, एक्स, जी, एच

परभणी-पूर्णा लोहमार्गावरच्या पिंगळीचं नाव कृतिदेव फॉन्टमध्ये टाइप केलं, तर पडद्यावर ‘पिंगळी’ अगदी स्वच्छ दिसतं. संगणकाच्या पोटात मात्र तिथे एफ, आय, ए, एक्स, मोठा जी आणि एच ही सहा रोमन अक्षरं असतात. देवनागरी हा नुसता वरचा मुलामा. डोळस कारकुनाला याचा पत्ताही नसतो. स्क्रीन रीडर मात्र पडद्याचं चित्र बघत नाही, आतली अक्षरं उचलून बोलतो; त्यामुळे अंध माणसाला गावाच्या नावाऐवजी काहीतरी ‘फियाक्स’छाप ऐकू येतं. दृष्टिहीनांना ऑफिसची सॉफ्टवेअर शिकणं जड का जातं, याचं उत्तर मला इथेच सापडतं. अडचण त्यांच्या डोळ्यांत कमी आहे. आपण फायली कशा बनवतो आणि वर्गात कुठल्या भाषेत शिकवतो, यात जास्त आहे.

साधन महाग म्हणावं, तर तसंही राहिलेलं नाही. ‘जॉज’ या स्क्रीन रीडरची किंमत सामान्य घराला परवडणारी नव्हती हे खरं, पण ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या अंध तरुणाने 2006 मध्ये सुरू केलेला ‘एनव्हीडीए’ फुकट मिळतो आणि त्याच्या सोबत येणारा आवाज मराठीही वाचतो. तो आवाज यांत्रिक आहे, ही तक्रार मान्य. पण सराव झालेले लोक तो अशा वेगाने लावतात की शेजारच्याला एक शब्द कळू नये. तिथे गोडव्यापेक्षा नेमकेपणाला भाव असतो. खरा खोळंबा होतो ‘वर डावीकडच्या निळ्या चित्रावर क्लिक करा’ या शिकवण्याने. तेच काम ऑल्ट दाबून, मग एच, मग अक्षरांच्या कळांनी होतं. एक्सेलमध्ये बाण दाबला की आधी मजकूर ऐकू येतो, मग ‘बी 5’ असा पत्ता. नुसतं ‘42’ ऐकून काय कळणार? पण शीर्षकाच्या ओळीवर जाऊन इन्सर्ट, शिफ्ट आणि सी एकत्र दाबलं, की पुढे स्तंभ बदलताच त्याचं नावही बोललं जातं आणि 42 हे गुण की वय, हा घोळ मिटतो. शोभेसाठी चार चौकटी एकत्र केलेल्या तक्त्यात मात्र पत्तेच विस्कटतात.

अल्पदृष्टी असलेल्यांना ‘अक्षर मोठं करून घ्या की’ असं सहज सांगितलं जातं. विंडोजच्या कळेबरोबर अधिकचं चिन्ह दाबलं की भिंग उघडतं, हे सोपंच. पण चौपट मोठं केलं, की एका वेळी पडद्याचा सोळावा हिस्साच दिसतो. ‘सेव्ह’ विचारणारी चौकट भलत्याच कोपऱ्यात उघडते आणि शिकणारा इकडे वाट पाहत बसतो. म्हणून त्यालाही कळा शिकवायला हव्यात, आणि थकल्यावर कानाकडे वळायची मुभा हवी. ‘डोळे आहेत ना, मग ऐकतोस कशाला’ हा हट्ट अनाठायी आहे.

आता फोनवर बोललं की टाइप होतं, मग ही खटपट कशाला, असंही कोणी म्हणेल. बोलून मजकूर उतरतो. पण चुकलेली वेलांटी शोधणं, तक्ता जुळवणं, दुसऱ्याची फाइल तपासणं ही कामं वाचल्याशिवाय होत नाहीत, आणि नोकरी त्यांच्यावरच चालते. 2016 च्या कायद्याने सरकारी नोकऱ्यांत दिव्यांगांना किमान 4 टक्के आरक्षण दिलं; त्यातला 1 टक्का अंध व अल्पदृष्टी व्यक्तींसाठी आहे. त्या खुर्चीवर बसलेल्याच्या पुढ्यात कागदाचा फोटो काढून केलेली पीडीएफ आली, तर स्क्रीन रीडरला तिथे कोरं पानच भेटतं. जुनी कृतिदेव फाइल निदान युनिकोडमध्ये, म्हणजे आतही देवनागरीच साठवणाऱ्या पद्धतीत, बदलता तरी येते. त्यातही गंमत अशी, की कृतिदेवात पहिली वेलांटी ‘प’च्या आधी टाइप करावी लागते आणि युनिकोडमध्ये ती ‘प’नंतर साठवली जाते, म्हणजे पिंगळी नीट ऐकू यायची, तर रूपांतर करताना त्या ‘एफ’ला ‘आय’च्या मागे जाऊन बसावं लागतं.