न पाहिलेला बर्फ

अहिल्यानगर जिल्ह्यात बर्फ पडत नाही. राज्यातले सर्वांत उंच शिखर, 1646 मीटरचे कळसूबाई, याच जिल्ह्याच्या अकोले तालुक्याच्या सीमेवर आहे. पण त्याच्या माथ्यावर पांढरे दिसते ते ढगच. त्यामुळे इथल्या नवशिक्या चित्रकाराचा बर्फ कायम उसना राहिला. तो कुठून उसना घेतला, त्यावर कॅनव्हासवर तो कसा उतरेल हे ठरत गेले.

पहिला धडा शाळेतल्या सीनरीचा. दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवता सूर्य, खाली नदी आणि झोपडी. शिखरावर बर्फ हवा असेल तर तेवढा कागद कोरा सोडायचा. जलरंगात हे चूक नाही. 1857 मध्ये सुरू झालेल्या मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या परंपरेतही बाहेर बसून निसर्गचित्र करायचे ते बहुधा जलरंगात; तैलरंग मोठ्या प्रमाणावर व्यक्तिचित्रांकडे गेला. शालेय चित्रकलेतही जलरंगाचाच सराव असल्याने तैलरंगाची ट्यूब हाती येते ती पुष्कळदा शाळा सुटल्यावर, आणि तोवर पांढरे सोडून देण्याची सवय पक्की झालेली असते. कॅनव्हासवर कोरी सोडलेली जागा मात्र बर्फ दिसत नाही, रंगवायची राहिल्यासारखी दिसते. तिथे बर्फ रंगवावाच लागतो, आणि तोही सावलीसकट.

1930 च्या दशकाअखेर नाझी राजवटीपासून निसटून मुंबईत आलेल्या वॉल्टर लँगहॅमर या ऑस्ट्रियन चित्रकाराने रझा, आरा, हेब्बर या चित्रकारांच्या पिढीला युरोपीय रंगदृष्टीची ओळख करून दिली. सावलीलाही रंग असतो, ही त्या दृष्टीतली मूळ गोष्ट. क्लोद मोनेने 1868-69 च्या हिवाळ्यात रंगवलेल्या ‘मॅगपाय’ या चित्रात कुंपणाची सावली बर्फावर निळसर पडली आहे; 1869 च्या पॅरिस सलोन या प्रदर्शनाने ते चित्र नाकारले होते. गावोगावच्या हौशी हातांपर्यंत हा विचार सावकाश पोहोचला. त्याआधी पोहोचली कॅलेंडरे, सलूनच्या भिंतीवरचे स्वित्झर्लंड आणि ‘जंगली’ (1961) सारख्या चित्रपटांतले रंगीत काश्मीर. छापील बर्फ सपाट आणि एकसारखा पांढरा असे. त्याची नक्कलही तशीच होई.

मोठा बदल मोबाइलवरच्या व्हिडिओंनी केला. बॉब रॉस यांचा ‘द जॉय ऑफ पेंटिंग’ हा अमेरिकी कार्यक्रम 1983 ते 1994 या काळातला. इंटरनेट स्वस्त झाल्यावर तो इथे घरोघर दिसू लागला. ओल्या रंगावर ओला रंग, सुरीचा एक फटकारा, की शिखर तयार. घरी ते जमत नाही याचे कारण बहुतेक वेळा हात नसून रंग असतो. या पद्धतीला सुरीवरचा रंग घट्ट लागतो; विद्यार्थी दर्जाच्या ट्यूबमधला रंग अनेकदा तेलकट निघतो आणि खालच्या थरात मिसळून चिखल होतो. रंग तासभर टीपकागदावर काढून ठेवला की जादा तेल शोषले जाते. हा उपाय खरे तर पहिल्याच धड्यात सांगायला हवा.

जलरंगाच्या तुलनेत क्रमही उलटा धरावा लागतो. आधी कॅनव्हासवर बर्न्ट सिएनाचा टर्पेंटाइनमधला पातळ हात. मग सावल्या: अल्ट्रामरीन, किंचित बर्न्ट सिएना आणि पांढरा. उजेडातल्या बर्फातही यलो ऑकरचा कण हवा. निव्वळ टायटॅनियम व्हाइट खडूसारखा दिसतो. शुद्ध, जाड पांढरा शेवटी, दोन-चार ठिकाणीच. बर्फासारखे काही प्रत्यक्ष पाहायचेच असेल तर जिल्ह्यात गारपीट होते. बांधाच्या सावलीत साचलेला गारांचा थर निळसर दिसतो. पण त्या दिवशी पीक आडवे झालेले असते, तेव्हा रंगपेटी कोण काढणार?

तेलाची निवड बर्फाच्या चित्रात विशेष महत्त्वाची. तैलरंग उडून वाळत नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतो. जवसाचे तेल मजबूत थर देते, पण कालांतराने पिवळे पडते आणि ते पांढऱ्यावर लगेच कळते. म्हणून काही पांढरे रंग करडईच्या तेलात घोटलेले असतात. अहिल्यानगरच्या रब्बीत जवस आणि करडई ही दोन्ही पिके ओळखीची. ज्वारीच्या कडेने काटेरी करडई जनावरे रोखण्यासाठी पेरतात. स्वयंपाकाचे तेल मात्र चित्रात चालत नाही, त्यासाठी शुद्ध केलेले वेगळे मिळते. करडईचे तेल सावकाश वाळते आणि थर थोडा ठिसूळ होतो, म्हणून ते वरच्या थरापुरते. बोटाला कोरडे लागले तरी जाड पांढरा आतून ओलाच असतो. वार्निशसाठी सहा महिने ते वर्षभर थांबावे लागते.