पेण सोडलं की पेणकर

पेणमध्ये राहून कुणी पेणकर होत नाही. जिथे सगळेच पेणचे, तिथे पेणकर म्हणून ओळखणार कुणाला? माणूस धरमतरच्या खाडीतून होडीने मुंबईला उतरतो, पलटणीत नाव नोंदवतो, कारकून विचारतो, ‘गाव कोणतं?’ आणि त्या दिवसापासून तो पेणकर होतो. कोकणातलं ‘कर’ लावलेलं आडनाव हे मुक्कामाचं नाही, निघून गेल्याचं आहे. रोहेकर, अष्टमकर, वाक्रूळकर या सगळ्यांना हा हिशेब लागू पडतो.

याची उलट बाजू पाहिली की गंमत कळते. पेण तालुक्यातल्या गागोद्यात ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनोबा जन्मले, आडनाव भावे. रोह्यात १९ ऑक्टोबर १९२० रोजी पांडुरंगशास्त्री जन्मले; आडनाव आठवले. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव यांचं घराणं रोह्याचंच. पण ते देशमुख. वतनाचं नाव गावात राहून मिरवता येतं, किंबहुना गावातच त्याला वजन असतं. या दोन तालुक्यांतली सगळ्यांत मोठी माणसं गावाचं नाव न लावता गेली आणि गावांची नावं जगभर नेली ती वेगळ्याच लोकांनी. ते म्हणजे शनवार तेली.

पूर्वीच्या कुलाबा, म्हणजे १९८१ पासूनच्या रायगड जिल्ह्यात हा बेने इस्रायल नावाचा ज्यू समाज कधी आला याबद्दल वाद आहेत. समाजाची परंपरा सांगते की अलिबागजवळच्या नवगावला जहाज फुटलं आणि सात पुरुष, सात स्त्रिया वाचल्या. इतिहासकार ही कथा जशीच्या तशी घेत नाहीत, मीही घेत नाही. पण पुढचं चित्र स्पष्ट आहे: हे लोक किनारपट्टीच्या गावोगाव पांगले, घाणा चालवू लागले, बोली मराठी, नेसणं-वागणं कोकणी. फक्त शनिवारी घाणा बंद. गावाने त्यावरून नाव ठेवलं आणि ते पुरलं. गावातल्या तेल्याला आडनाव कशाला हवं होतं? सामाजी, हसाजी, आबाजी एवढ्यावर भागत होतं.

आडनावाची गरज मुंबईने निर्माण केली. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेत हे लोक भरती होऊ लागले. एका पलटणीत चार सामाजी निघाले की गाव विचारावंच लागे. त्यांतला सर्वांत गाजलेला म्हणजे सामाजी हसाजी दिवेकर, ऊर्फ सॅम्युअल इझिकेल. टिपू सुलतानाच्या कैदेतून सुटल्यावर त्याने मुंबईत १७९६ साली पहिलं प्रार्थनामंदिर बांधलं, असं परंपरा सांगते. बेने इस्रायल आपल्या प्रार्थनामंदिराला मराठीत मशीदच म्हणत आणि मशीद बंदर स्टेशनाचं नाव त्या मशिदीवरून पडल्याचं सांगतात. तिथल्या रस्त्यालाही सॅम्युअलचं नाव मिळालं. दिवेकर मात्र रस्त्यावर आलं नाही.

अशी शंभराहून अधिक आडनावं या समाजात तयार झाली. किहीमचे किहीमकर, चौलचे चौलकर, झिराडचे झिराडकर, नवगावचे नवगावकर, राजपुरीचे राजपूरकर. पेण तालुक्यातल्या वाक्रूळचे वाक्रूळकर. कुंडलिकेच्या काठी रोहा आणि अष्टमी समोरासमोर, आज नगरपालिका एकच. आडनावं मात्र दोन, रोहेकर वेगळे आणि अष्टमकर वेगळे. मधली नदी आडनावांनी अजून जपली आहे. या यादीचा नकाशा मांडला तर रेवसपासून जंजिऱ्यापर्यंतचा जवळपास प्रत्येक बंदर-बाजार त्यात सापडतो. गॅझेटियरवाल्यांनी जे काम मोजणीदार पाठवून केलं, ते या लोकांनी नुसती नावं सांगून केलं होतं.

कोकणातल्या ज्यू कबरस्तानातला एखादा जुना दगड जवळून पाहावा. वर हिब्रू अक्षरं, खाली देवनागरी. हिब्रू ओळीत माणूस अमक्याचा मुलगा तमका एवढाच असतो, बाप आणि लेक. गाव नाही, आडनाव नाही. खालच्या मराठी ओळीत तोच माणूस नाव, बापाचं नाव आणि शेवटी अमुककर असा पूर्ण होतो. म्हणजे धर्माच्या भाषेत त्याला आडनावच नव्हतं. आडनाव त्याला मराठीनेच दिलं.

आता इंग्रजीकडे वळू, कारण तिथेही हाच प्रकार आहे. लिंकन नावाच्या शहरात लिंकन म्हणून कुणाला ओळखण्यात अर्थ नव्हता. ते आडनाव शहर सोडून गेलेल्यांना चिकटलं. गावावरून पडलेली अशी आडनावं इंग्लंडात ढिगाने आहेत आणि त्यांतली कित्येक इतकी लहान वस्तीवरून आली, की ती एकाच घरात सुरू झाली असावीत असं अभ्यासक मानतात. ऑक्सफर्डचे ब्रायन साइक्स यांनी २००० साली हे आपल्याच आडनावावर तपासलं. साइक्स हे यॉर्कशरकडचं नाव, ओढ्यावरून आलेलं. एकमेकांशी नातं माहीत नसलेल्या साइक्स पुरुषांच्या रक्तातला बापाकडून मुलाकडे जाणारा धागा पाहिला, तेव्हा जवळपास निम्म्या लोकांत तो एकच निघाला. शेकडो वर्षांच्या दत्तकविधानांचा आणि झाकल्या मुठींचा विचार करता निम्मे म्हणजे पुष्कळच.

आपल्याकडे ही चाचणी लावली तर हाती गोंधळ येईल. दिवेकर ज्यू आहेत तसे चित्पावनही आहेत. दांडेकरांचंही तेच. पेणकर तर अनेक जातींत सापडतात. पेण सोडण्याचा मक्ता कुणा एकाकडे नव्हता. मिरा रोडला पेणकर पाडा आहे. पेणवरून पडलेलं आडनाव खाडीपलीकडे जाऊन परत वस्तीचं नाव झालं असावं. इंग्लंडात आडनाव रक्ताचा माग देतं, इथे फार तर बंदराचा देईल. मला त्यात उणेपणा वाटत नाही. जात न सांगणारं आडनाव महाराष्ट्रात मिळतं कुठे?

बेने इस्रायलांची ही आडनावं नंतर मावळली ती इंग्रजीमुळेच. मिशनरी शाळा, सरकारी नोकऱ्या, रेल्वे आली तशी गावाची शेपटी गळू लागली आणि बापाचं नाव आडनाव झालं: डेव्हिड, मोझेस, सॅम्युअल, रूबेन. ऐकणाऱ्याला वाटे, साहेबाच्या जातीचा माणूस. हिंदी सिनेमातले लाडके ‘जॉन चाचा’ डेव्हिड हे डेव्हिड अब्राहम चौलकर होते, हे किती प्रेक्षकांना ठाऊक होतं? १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमात ‘आलम आरा’ लागला, भारताचा पहिला बोलपट. तो ज्यांच्या नाटकावरून घेतला ते जोसेफ डेव्हिड. त्यांचं आडनाव पेणकर. पेणचं नाव निघालं की आपण गणपतींवर आणि पापडांवर थांबतो. या माणसाचं नाव तिथे कुणी घेताना मी ऐकलेलं नाही.

उलट जिद्द किहीमकरांची. हाईम सॅम्युअल किहीमकरांनी १८७५ मध्ये मुंबईत इस्रायली शाळा काढायला पुढाकार घेतला आणि १८९७ मध्ये समाजाचा इतिहास लिहून पुरा केला. तो छापला गेला १९३७ साली, तेल अवीवला. चाळीस वर्षं हस्तलिखित पडून होतं. पण मुखपृष्ठावर किहीम आलंच.

१९४८ नंतर बहुतेक कुटुंबं इस्रायलला गेली. २०११ च्या जनगणनेत अख्ख्या देशात ज्यू म्हणून नोंदलेले लोक पाच हजारांच्या आत होते. तिकडे भारतीय वंशाचे ज्यू ऐंशी हजारांच्या वर आहेत, त्यांत बेने इस्रायल सर्वाधिक. दिमोना, अश्दोद, लोद, बेरशेबा अशा गावांतून पसरलेले. ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिकही त्यांनी तिथे चालवलं. आणि तिथे एक मजेची गोष्ट झाली. डेव्हिड, मोझेस ही नावं त्या देशात घरोघर. मोझेस म्हणून मुंबईत उठून दिसणारा माणूस तिकडे गर्दीत हरवतो. रोहेकर मात्र हरवत नाही. जे आडनाव इथे मागासलेलं वाटून टाकलं, तेच तिथे माणसाचा पत्ता सांगतं.

पेणमध्ये १८६३ सालचं प्रार्थनामंदिर आहे, अष्टमीलाही आहे. त्यांच्याबद्दल थोडंफार लिहिलं गेलंय. आडनावांबद्दल लिहायचं तर कागद लागतील आणि ते सरकारी दप्तरापेक्षा घराघरांत आहेत: गहाणखतं, शाळेचे जुने दाखले, घाण्याच्या विक्रीच्या नोंदी, ज्यांत ‘शनवार तेली’ लिहिलेलं असेल. पेण, रोहा, नागोठण्याच्या वाचकांनी माळा साफ करताना असा कागद सापडला तर रद्दीत घालू नये. त्याचा फोटो काढावा, मागे गाव आणि साल लिहावं, आणि जवळच्या वाचनालयात एक प्रत द्यावी.