जवळीक आणि अखत्यार : कुमारवयाविषयीचे काही समज

स्टॅन्ली हॉल या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९०४ साली कुमारवयावर दोन जाडजूड खंड प्रसिद्ध करून हे वय म्हणजे वादळाचे आणि तणावाचेच वय असा जो निवाडा दिला, तो पुढे इतका बिनतक्रार मान्य झाला की, ज्या घरातली वयात येणारी मुले आईबापांशी भांडत नाहीत, त्या घरालाच आपले काही चुकते की काय अशी शंका यावी. या निवाड्याविरुद्धचे पहिले गाजलेले अपील मार्गारेट मीड यांनी १९२८ मध्ये सामोआ बेटांवरील निरीक्षणांच्या आधारे दाखल केले. १९८३ मध्ये डेरेक फ्रीमन यांनी त्यावर कडाडून हरकत घेतली, आणि मानवशास्त्रज्ञांतील तो कज्जा पुढे कित्येक वर्षे चालला. तथापि आपल्या प्रश्नाचा निकाल सामोआवर अडून राहिलेला नाही. डॅनियल ऑफर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बांगलादेश, तुर्कस्तान, जपान, हंगेरी यांसह दहा देशांतील कुमारांना स्वतःविषयी विचारून १९८८ मध्ये जी माहिती प्रसिद्ध केली, तीत बहुसंख्य मुले घरच्यांशी आपले बरे जमते असेच सांगतात. वादळ काही घरांत येते आणि तेव्हा ते खरे असते. मात्र त्याला वयाचा धर्म म्हणून सोडून देणे हे त्या मुलाला वाऱ्यावर सोडण्यासारखेच आहे.

दुसरा समज आपल्या विशेष आवडीचा आहे. पाश्चात्य मुले उलट बोलतात, पौर्वात्य मुले ऐकतात, असे आपण मोठ्या समाधानाने म्हणतो. हाँगकाँगमधील चिनी कुमारांचा जो अभ्यास १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात खटके कमी असले तरी होते, आणि तेही घरकाम, अभ्यास, वेळ कसा घालवायचा अशा नित्याच्याच बाबींवरून; मुलांचे म्हणणे एवढेच की, ही बाब माझ्या अखत्यारीतली आहे. म्हणजे फिर्याद तीच. तिचा सूर तेवढा घरोघरच्या रीतीप्रमाणे चढा किंवा उतरता.

मग आपल्या कुटुंबांचे वेगळेपण ते काहीच नाही काय? आहे, आणि ते कोठे आहे हे रीड लार्सन आणि सुमन वर्मा यांच्या चंदीगडमधील संशोधनात फार नेमकेपणाने दिसते. मध्यमवर्गीय घरांतल्या आठवीतील १०० मुलामुलींना आठवडाभर दिवसातून अनेकदा, पूर्वसूचनेशिवाय, घड्याळाचा इशारा होई. त्या क्षणी आपण कोठे आहो, कोणासोबत आहो आणि मन कसे आहे हे त्यांनी लिहून ठेवायचे. या टिपणांतून असे निघाले की, जागेपणीचा जवळजवळ ४० टक्के वेळ ही मुले घरच्यांसोबत घालवीत आणि त्या वेळी त्यांचे मन बहुधा प्रसन्न असे. वयाबरोबर कुटुंबापासून जी फारकत अमेरिकेतील मुलांत दिसते, ती येथे दिसली नाही. पण याच संशोधकांच्या हिशेबात खर्चाची बाजूही आहे. जागेपणीचा सुमारे एक तृतीयांश वेळ शाळा आणि अभ्यास यांत जाई, आणि पुस्तकापुढे बसलेल्या त्या घटकांत मन खिन्न असे. जे घर मुलाला सुखाचे वाटते, तेच घर वही उघडताच त्याचा परीक्षक होते, हे दहावीच्या वर्षी दूरदर्शन संच कापडाने झाकून ठेवणाऱ्या आपल्या लोकांना निराळे सांगावयास नको.

घरची जबाबदारी मुलाला दडपून टाकते, हा तिसरा समज. आणि तिनेच मूल घडते, हा त्याचा उलटा भाऊ. अँड्र्यू फुलिग्नी यांनी कॅलिफोर्नियातील आशियाई, लॅटिन अमेरिकन आणि युरोपीय वंशाच्या कुमारांत कुटुंबाविषयीच्या कर्तव्यबुद्धीचा जो शोध १९९९ मध्ये मांडला, त्यात कर्तव्य मानणारी मुले अधिक दुःखी आढळली नाहीत, उलट शिक्षणाला अधिक किंमत देणारी आढळली. मात्र ज्यांची कर्तव्यबुद्धी अतिशय तीव्र, त्यांचे गुण ती अगदी क्षीण असणाऱ्यांइतकेच, प्रसंगी त्यांहूनही कमी निघाले. लहान भावंडाला शाळेतून आणण्यात कमीपणा नाही. पण सारी संध्याकाळ त्यातच गेली तर भूमिती केव्हा होणार?

आपल्या संस्कारांमुळे आपली मुले सुरक्षितच आहेत, हा समज मात्र धोक्याचा आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या दप्तरी २०२२ या एका वर्षात १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्या नमूद आहेत आणि त्यांत १,७६४ हा सर्वांत मोठा आकडा महाराष्ट्राचा आहे. अशा मृत्यूंमागे एकच कारण क्वचितच असते, हे खरे; परंतु मूल गप्प आहे म्हणजे सुखी आहे, असे मानण्याची सोय या आकड्यांनी ठेवलेली नाही.

राहता राहिला सर्वांच्या मुळाशी असलेला समज, की जवळीक आणि स्वातंत्र्य यांपैकी एकच देता येते. तुर्कस्तानच्या चिदेम काआत्चबाशी यांनी आपली सारी हयात या समजाशी झगडण्यात घालविली. १९८० च्या दशकात इस्तंबूलच्या गरीब वस्त्यांतील मातांसाठी त्यांनी जो उपक्रम चालविला, त्यात त्यांनी मातांच्या मायेला धक्का लावला नाही. तीच माया ठेवून मुलाला स्वतः ठरवू द्यावे, त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे, एवढेच त्यांना शिकविले. काही वर्षांनी ती मुले कुमारवयात आली तेव्हा पाहणी केली असता, या मातांची ८६ टक्के मुले शिक्षण घेत होती, तर शिकवण न मिळालेल्या मातांची ६७ टक्के. घरातले संबंधही पहिल्या गटातच अधिक सलोख्याचे होते. शिवाय, या मातांच्या शब्दाला खुद्द नवऱ्यापुढेही पूर्वीपेक्षा अधिक वजन आले होते.