घरी पॉलिश करताय? बोळा आणि बाटली सांभाळा

उमरीसारख्या गावातल्या जुन्या घरांत माळ्यावर एखादा सागवानी पाट, चौरंग किंवा देव्हारा सापडतोच. किनवटच्या सागवानी जंगलाचा हा जिल्हा. लग्नसराईच्या तोंडावर सुतार वेळेवर मिळत नाही, म्हणून घरातली तरुण मुलेच मोबाइलवर व्हिडिओ पाहून पॉलिशला बसतात. काम अवघड नाही. लाकूड घासायचे, रंग द्यायचा आणि वरून चमकेचे थर चढवायचे. पण बहुतेक व्हिडिओ चमक आली की संपतात. तेलाचा बोळा कुठे टाकायचा, उरलेले थिनर कशात ठेवायचे, हे त्यात नसते. दवाखान्यापर्यंत पोहोचणारे प्रकार बरेचदा तिथूनच सुरू होतात.

धूळ नाकात जाऊ नये

घासण्याची सुरुवात १२० नंबरच्या पॉलिश पेपरने करावी, मग १८० आणि शेवटी २२०. हात नेहमी लाकडाच्या रेषांच्या दिशेने चालावा. आडवे ओरखडे जास्त रंग पितात आणि पुढे काळे उठून दिसतात.

परदेशी व्हिडिओंत बहुधा ओकचे लाकूड असते. त्याच्या धुळीने वैद्यकशास्त्राला मोठा धडा दिला आहे. इंग्लंडमधील हाय विकम हे गाव खुर्च्यांसाठी प्रसिद्ध. तेथील कान-नाक-घसा तज्ज्ञ एस्मे हॅडफिल्ड यांना फर्निचर कामगारांमध्ये नाकाचा एक एरवी दुर्मीळ कर्करोग पुन्हा पुन्हा दिसू लागला. डोनाल्ड अ‍ॅचेसन आणि सहकाऱ्यांसह त्यांनी केलेला अभ्यास १९६८ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. पुढे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ च्या अहवालात लाकडाच्या धुळीला माणसात कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या यादीत घातले.

एक पाट घासल्याने कर्करोग होत नाही. तो धोका वर्षानुवर्षे धुळीत काम करणाऱ्यांचा आहे. ज्या सुताराची एकच नाकपुडी सतत चोंदलेली राहते किंवा तिच्यातून वारंवार रक्त येते, त्याने ते सर्दीवर ढकलू नये. हौशी माणसाला धुळीने शिंका, दम्याचा त्रास किंवा अंगाला खाज येऊ शकते. सागवानाची धूळ त्वचेला झोंबते. तोंडाला बांधलेला रुमाल बारीक धूळ अडवत नाही, एन-९५ मास्क अडवतो. काम अंगणात करावे आणि धूळ झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावी.

वस्तूवर जुना ऑइलपेंट असेल तर तो कोरडा घासू नये. जुन्या रंगांत शिसे असू शकते आणि ते लहान मुलांच्या मेंदूला घातक ठरते. घरगुती रंगांत ९० पीपीएमपेक्षा जास्त शिसे नको, हा नियम देशात नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीचा रंग ओला करूनच काढावा. मुले आणि गरोदर स्त्रिया जवळ नसाव्यात.

रंग का बदलतो?

ओकमध्ये टॅनिन भरपूर असते. टॅनिन आणि लोखंड ओलाव्यात एकत्र आले की काळा रंग तयार होतो. आपल्या बाभळीतही टॅनिन असते. म्हणून अशा लाकडाला तारेची घासणी लावू नये. तिचे तुकडे अडकून काळे ठिपके पडतात. सागवान तेलकट असते, त्यामुळे रंगाआधी ते थिनरच्या फडक्याने पुसून घ्यावे. रंग आधी त्याच लाकडाच्या उरलेल्या तुकड्यावर लावून पाहावा. काही मिनिटांत जादा रंग पुसून काढला नाही तर तो चिकट राहतो. वरचे थर पातळ असावेत, प्रत्येक थर पूर्ण वाळू द्यावा. पोळपाट-लाटण्याला मात्र रंग किंवा पॉलिश लावू नये.

जवसाच्या तेलाचा बोळा

जवसाचे तेल आपल्याकडे परिचयाचे. ते लाकडावर वाळते म्हणजे हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावते. या क्रियेत उष्णता निघते. पाटावर ती विरून जाते. पण तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा गोळा कोपऱ्यात टाकला तर ती आत कोंडते. काही तासांत चिंध्या काडी न लावता पेटू शकतात. अमेरिकेतील फिलाडेल्फियात २३ फेब्रुवारी १९९१ रोजी ‘वन मेरिडियन प्लाझा’ या ३८ मजली इमारतीला अशाच चिंध्यांमुळे आग लागली आणि तीन अग्निशमन जवान मृत्युमुखी पडले. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा तर जास्तच जपावे. काम झाले की बोळा पाण्याच्या बादलीत बुडवावा किंवा घराबाहेर दोरीवर एकेक मोकळा वाळवावा.

बाटली ओळखीची, आतले विष अनोळखी

चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून करतात ते पॉलिश जुने आणि देखणे. पण या स्पिरिटमध्ये, ते कोणी पिऊ नये म्हणून, मिथेनॉल मिसळलेले असू शकते. मिथेनॉलचे शरीरात फॉर्मिक आम्ल बनते आणि ते डोळ्यांची नस जाळते. लक्षणे अनेकदा १२ ते २४ तासांनी दिसतात. तोवर माणूस ठीक वाटतो, म्हणून घरचे थांबतात आणि तेवढ्यात दृष्टी जाते.

थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरते. खोलीत समई, चूल किंवा गॅस पेटलेला असेल तर भडका उडतो. बंद खोलीत डोके दुखते, गरगरते. एन-९५ मास्क वाफ अडवत नाही; दारे-खिडक्या उघड्या ठेवणे हाच उपाय.

सर्वांत वाईट सवय म्हणजे उरलेले थिनर पाण्याच्या बाटलीत भरून ठेवणे. तहानलेले मूल ती सरळ तोंडाला लावते. अशा वेळी मिठाचे पाणी पाजून किंवा घशात बोट घालून उलटी करवू नये. उलटीतून थिनर फुप्फुसात उतरते आणि गंभीर न्यूमोनिया होतो. दूध-तूप पाजत वेळ घालवू नये. १०८ ला फोन करावा, बाटली सोबत घ्यावी आणि मूल हसत-खेळत असले तरी रुग्णालय गाठावे. मूळ डबा घट्ट झाकून, कुलपात, मुलांचा हात पोहोचणार नाही अशा जागी ठेवला, तर या धावपळीची वेळच येत नाही.