चौघांचा बाक

सकाळचे साडेदहा. नगर जिल्ह्यातल्या कर्जतमधला विज्ञान शाखेचा पहिल्या वर्षाचा वर्ग. शंभराच्या वर मुलं दाटीवाटीनं बसलीत. मी शेवटच्या बाकावर आहे.

सर फळ्यावर लिहितात : दगड सरळ वर फेकला. अगदी वरच्या टोकाला त्याचं त्वरण किती? एक, शून्य. दोन, खाली ९.८.

"बोलायचं नाही. उत्तराच्या क्रमांकाइतकी बोटं छातीशी धरा."

छातीशी धरलं की शेजाऱ्याला दिसत नाही. सरांना मात्र जिकडं पाहावं तिकडं एकच बोट दिसतं. सर उत्तर सांगत नाहीत. "आता बाकावरच्यांना पटवा," एवढंच म्हणतात, आणि वर्ग मोहोळ उठल्यासारखा घुमू लागतो.

माझ्या पुढचा बाक चौघांचा आहे. राशीनहून एसटीनं येणारी मुलगी तासाच्या सुरुवातीपासून गप्प आहे. सरांनी विचारलं तेव्हा मान खाली घालून बसली होती. आता ती वळते. "दगड थांबला म्हणून ओढ थांबती व्हय? शून्य आसतं तर तिथंच लटकून राहिला आसता की!"

शेजारचा मुलगा खडूचा तुकडा वर उडवतो, झेलतो. पुन्हा उडवतो. मग वहीतलं शून्य खोडतो.

हार्वर्डमध्ये एरिक माझूर यांनी १९९१ पासून भौतिकशास्त्राच्या भरगच्च वर्गांत हेच केलं. कारण ज्याला आत्ताच समजलंय, त्याला आपण कुठं अडलो होतो ते आठवतं. शिकवणारा ते कधीच विसरून गेलेला असतो. आपल्याकडं भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढलं. तिथं सगळ्या जातींची मुलं मिळून स्वयंपाक करत, एका पंगतीला जेवत. मला वाटतं, शिकण्याचीही अशीच पंगत बसायला हवी. शंभर मुलांत एकटं पडणं फार सोपं असतं.

पुन्हा बोटं छातीशी येतात. आता बरीच दोन-दोन आहेत. काही एकावरच अडून बसलीत. सर त्यांच्याकडं जातात.

बाकावरचा चौथा आज आलेला नाही, त्याची जागा दप्तरानं धरलीय. घरी ज्वारीची पेरणी चालू आहे. राशीनची मुलगी दगडाची आकृती दुसऱ्यांदा काढतेय, सुट्या कागदावर, मोठ्या अक्षरात. वर त्याचं नाव घालते आणि कागद त्याच्या गावच्या मुलाकडं सरकवते.

"नुसता देऊ नको. दगड उडवून दाखव."